जमिनीवर पाऊल टेकणारी : शेक्सपिअरच्या एका सुनीताची उपमामीमांसा

प्रेमकवितेत सर्वांत अधिक खोटे कुठे बोलले जाते, असे कोणी विचारले तर उपमेकडे बोट दाखवावे लागेल. विरहाचे दुःख थोडेफार खरे असते, भेटीची ओढही खरी असते. पण मुख चंद्रासारखे, डोळे हरिणीचे, ओठ पोवळ्याचे आणि चाल हंसाची असे म्हणताच हे कोणा एकीचे वर्णन नव्हे, हे कवीलाही ठाऊक असते आणि वाचकालाही. उपमानांची पेटी आधीच भरून ठेवलेली असते. प्रेयसी मागाहून येते आणि पेटीतले दागिने तिच्या अंगावर चढवले जातात. ते तिला बसतात की नाही, हे कोणी पाहत नाही.

विल्यम शेक्सपिअरचे १३० क्रमांकाचे सुनीत या भरलेल्या पेटीविषयी आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, तिच्या ओठांपेक्षा पोवळे कितीतरी लाल असते, बर्फ पांढरे म्हणायचे तर तिचे वक्ष मातकट म्हणावे लागतील, केस म्हणजे तारा असतील तर तिच्या डोक्यावर काळ्या तारा आहेत. तिच्या गालांवर गुलाब नाहीत, तिच्या श्वासापेक्षा काही अत्तरे जास्त सुखद आहेत, तिच्या बोलण्यापेक्षा संगीत अधिक गोड आहे, आणि ती देवतेसारखी तरंगत नाही, जमिनीवरून चालते. एवढे सांगून झाल्यावर शेवटच्या दोन ओळींत कवी शपथेवर सांगतो, की खोट्या तुलनांनी जिच्याविषयी असत्य सांगितले गेले अशा कोणाही स्त्रीइतकीच माझी प्रिया दुर्मीळ आहे.

या कवितेचे दोन अर्थ सर्रास सांगितले जातात. एक, हे प्रेमकवितेचे विडंबन आहे. दुसरा, रूप गौण असून प्रेम खरे, हा तिचा संदेश आहे. दोन्ही अर्थांत तथ्य आहे. पण पहिला बाराव्या ओळीपाशी थांबतो, आणि दुसरा शेवटच्या दोन ओळींत नसलेले काहीतरी त्यांत वाचतो. माझे म्हणणे असे, की ही कविता तुलना नाकारत नाही. ती बारा ओळी चुकीची उपमाने बाजूला सारते आणि शेवटी एक योग्य उपमान निवडते. ते उपमान कोणते, हे नीट पाहिले की कवितेचा रोख विडंबनापलीकडे गेलेला दिसतो.

१

आधी ती पेटी कोणी भरली, ते पाहू. ६ एप्रिल १३२७ रोजी आव्हिन्यो येथील सेंट क्लेअरच्या चर्चमध्ये आपण लॉराला प्रथम पाहिले, असे इटालियन कवी पेत्रार्क याने नोंदवून ठेवले आहे. तिच्यावरील कवितांचा त्याचा संग्रह ३६६ कवितांचा. त्यांपैकी ३१७ सुनीते. सोनेरी केस, बर्फासारखी कांती, सूर्याला फिके पाडणारे डोळे हे संकेत या संग्रहाने युरोपभर रुजवले. पेत्रार्ककडे त्या प्रतिमांमागे आयुष्यभराची तळमळ होती. त्याच्यामागून आलेल्यांना मात्र प्रतिमा आयत्या मिळाल्या, तळमळ ज्याची त्याने आणायची होती.

सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि सरेचा उमराव हेन्री हॉवर्ड यांनी सुनीत इंग्रजीत आणले. सर फिलिप सिडनीची ‘ॲस्ट्रोफिल अँड स्टेला’ ही सुनीतमाला त्याच्या मृत्यूनंतर १५९१ साली छापली गेली आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये सुनीतमालांचे पीक आले. प्रियेचा एकेक अवयव घेऊन प्रत्येकाला एकेक मौल्यवान उपमान द्यायचे, या पद्धतीला तिकडे ‘ब्लेझन’ म्हणतात. आपल्याकडच्या नखशिखान्त वर्णनाची ती सख्खी बहीण.

यातला एक कवी आपल्या विषयाला फार जवळचा आहे. टॉमस वॉटसनने १५८२ मध्ये ‘हेकाटोम्पाथिया’ हा शंभर कवितांचा संग्रह काढला. त्यातल्या सातव्या कवितेत सोन्याला मागे टाकणारे केस, पोवळ्याहून लाल ओठ, गालांवरचे गुलाब, सुगंधी श्वास आणि संगीतासारखे शब्द अशी यादी आहे. शेक्सपिअरच्या यादीशी ती इतकी जुळते, की हीच कविता त्याच्या डोळ्यांसमोर असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वॉटसनची दुसरी सवय. प्रत्येक कवितेच्या डोक्यावर तो गद्य टीप देतो, आणि हा भाग अमक्या इटालियन, फ्रेंच वा लॅटिन कवीकडून घेतला, असे तिच्यात निःसंकोचपणे सांगतो. त्या काळच्या दृष्टीने ही विद्वत्ता होती, चोरी नव्हे. पण आपल्या प्रियेचे केस कसे आहेत हे सांगण्यासाठी परक्या कवीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा त्या केसांकडे कोणी कधी पाहिले होते का, हा प्रश्न उरतोच.

या पद्धतीची थट्टाही नवी नव्हती. १५३५ साली वारलेल्या फ्रान्चेस्को बेर्नी या इटालियन कवीने एका सुनीतात तीच मौल्यवान उपमाने मुद्दाम चुकीच्या जागी बसवली : केस चांदीचे, चेहरा सोन्याचा, ओठ दुधाचे, दात शिसवी. म्हणजे पांढरे केस, पिवळा चेहरा, फिकट ओठ आणि काळे दात. हे निखळ विडंबन आहे आणि त्यात हसे होते ते स्त्रीचे. शेक्सपिअरची कविता बेर्नीच्या शेजारी ठेवली की फरक उमगतो. बेर्नीची उपमाने लागू पडतात, आणि म्हणूनच बोचतात. शेक्सपिअरची उपमाने लागूच पडत नाहीत. हसे होते ते उपमानांचे.

२

आता रचना पाहू. इंग्रजी सुनीतात चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींचे द्विपद असते; प्रत्येक गटात यमके एकाआड एक, द्विपदात लागोपाठ. पेत्रार्कच्या सुनीतात आठ ओळींनंतर, म्हणजे नवव्या ओळीपाशी विचाराला कलाटणी मिळते. इंग्रजी सुनीतात ती बहुधा द्विपदावर ढकलली जाते. १३०व्या सुनीतातही द्विपदात मोठी कलाटणी आहे, यात वाद नाही. पण त्याआधी एक बारीक कलाटणी आहे, आणि ती नेमकी जुन्या जागी, नवव्या ओळीत आहे.

पहिल्या चार ओळींत चार अवयव येतात : डोळे, ओठ, वक्ष, केस. प्रत्येकाला एकच ओळ. वाचनाची गती हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखी झपझप. या चार ओळींत ‘मी’ कुठेही कर्ता नाही. पाचव्या ओळीत ‘मी’ येतो, पण साक्षीदार म्हणून : मी गुलाब पाहिले आहेत, तिच्या गालांवर मला ते दिसत नाहीत. येथून प्रत्येक गोष्टीला दोन ओळी मिळू लागतात. गती निम्म्यावर येते. आणि नवव्या ओळीच्या आरंभीच कवी म्हणून जातो, की तिचे बोलणे ऐकायला मला फार आवडते. संगीत त्याहून मधुर असते, ही कबुली त्यानंतरची. म्हणजे द्विपदातल्या शपथेआधीच प्रेमाचा उच्चार होऊन गेला आहे. तो इतक्या सहज झाला आहे, की यादी वाचण्याच्या भरात आपले लक्ष जात नाही.

या नवव्या ओळीपासून आणखी एक बदल होतो. पहिल्या आठ ओळींत अवयव होते. आता क्रिया येतात. ती बोलते, ती चालते. चित्रातली बाई बोलत नाही आणि चालतही नाही. ‘ब्लेझन’ पद्धतीत स्त्री तुकड्यातुकड्यांनी मांडलेली असते, एखाद्या जवाहिऱ्याच्या पेढीवर मांडावी तशी. शेक्सपिअर तीच मांडणी घेऊन निघतो, पण दृष्टीकडून गंधाकडे, गंधाकडून श्रवणाकडे आणि शेवटी चालण्याकडे जाता जाता तुकड्यांची एक सबंध व्यक्ती होते. बाराव्या ओळीत ‘चालणे’ आणि ‘पाऊल टाकणे’ या अर्थांचे दोन आघातयुक्त शब्द अगदी शेजारी येतात. लघु-गुरूच्या ठेक्यात सरकणारी ओळ तिथे अडते आणि पायाला जमीन लागल्यासारखी वाटते. त्या ओळीचा शेवटचा शब्दही जमीन याच अर्थाचा आहे. लगेच तेराव्या ओळीत कवी स्वर्गाची शपथ घेतो. देवता नाकारून झाल्यावरच स्वर्ग साक्षीला येतो, हा क्रम मला हेतुपुरस्सर वाटतो.

काही शब्दांपाशी आजच्या वाचकाने थोडे थांबायला हवे. केसांसाठी आलेला ‘तारा’ हा शब्द आज कुंपणाची आठवण करून देतो. त्या काळी तो दागिन्यांतल्या आणि भरतकामातल्या सोन्याच्या तारेचा शब्द होता, आणि सोनेरी केसांसाठी कवी तो कौतुकाने वापरत. म्हणून ‘काळ्या तारा’ यात केस राठ असल्याचा आरोप नाही. रंग संकेतातला नाही, एवढेच आहे. श्वासासाठी वापरलेल्या क्रियापदाचा आजचा अर्थ ‘दुर्गंधी येणे’ असा आहे. तेव्हा त्याचा मुख्य अर्थ धूर, वाफ वा वास बाहेर पडणे असा होता. त्यामुळे ओळ वाटते तितकी उर्मट नाही. तरी ती अगदी निरागसही नाही. गुलाबांच्या ओळीतल्या ‘गालां’शी यमक जुळवायला कवीने हाच धुरकट शब्द निवडला आहे.

३

आपल्या अलंकारशास्त्राची अवजारे या कवितेला लावून पाहण्याजोगी आहेत. उपमेची अंगे चार : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. येथे उपमेय हजर आहे, उपमान हजर आहे, आणि नाकारला जातो तो साधारण धर्म. मग हा अलंकार कोणता?

पहिला उमेदवार व्यतिरेक. एरवी व्यतिरेकात उपमेय उपमानावर मात करते. मुख चंद्रापेक्षाही सुंदर ठरते. येथे उलट आहे, पोवळे ओठांवर मात करते. मम्मटाच्या मते उपमेयाचे आधिक्य हाच व्यतिरेक. विश्वनाथाने मात्र ‘साहित्यदर्पणा’त उपमेयाची न्यूनताही व्यतिरेकात बसवली आहे. त्याच्या व्याख्येत कवितेच्या बारा ओळी बसतात, पण तेरावी-चौदावी बाहेर राहते. दुसरा उमेदवार व्याजस्तुती, म्हणजे निंदेच्या मिषाने स्तुती. हे नाव मोहक आहे. पण व्याजस्तुतीत वरवरची निंदा हे केवळ सोंग असते. ऐकणाऱ्याने ती खरी मानायची नसते. येथली विधाने मात्र अक्षरशः खरी आहेत. कोणत्याही माणसाचे डोळे सूर्यासारखे नसतात. सोंग आहे ते दुसऱ्या कवींच्या स्तुतीचे.

तिसरा उमेदवार अनन्वय : जिला दुसरी उपमाच नाही, ती तिच्यासारखी तीच. बहुतेक रसिक वाचक नकळत हाच अलंकार शेवटच्या ओळींत वाचतात. सगळी उपमाने फोल ठरली, तेव्हा ती अनुपम, असा त्यांचा निष्कर्ष. पण कवी असे म्हणत नाही. तो ‘अतुलनीय’ म्हणत नाही. तो ‘इतकीच’ म्हणतो. शपथ घेऊन इतके मोजके विधान करणारा प्रियकर दुर्मीळच. शेवटी उरते ती साधी, पूर्णांगी उपमा. उपमेय : माझी प्रिया. साधारण धर्म : दुर्मीळपणा. साम्यवाचक शब्द आहे. आणि उपमान : खोट्या तुलनांनी जिच्याविषयी असत्य सांगितले गेले, अशी कोणीही स्त्री.

सूर्य, पोवळे, बर्फ, गुलाब, अत्तर, संगीत, देवता ही सगळी विजातीय उपमाने नाकारून कवी सजातीय उपमानापाशी येतो. स्त्रीची तुलना स्त्रीशी. मूळ इंग्रजीत येथे ‘ती’ हे सर्वनाम नामासारखे वापरले आहे. जणू ‘कोणतीही एक ती’. आणि ही ‘ती’ म्हणजे कोण? लॉरा, स्टेला, वॉटसनची प्रिया आणि अशा कितीतरी. त्यांची स्तुती झाली असे आपण समजत होतो. कवी सांगतो, त्यांच्याविषयी खोटे बोलले गेले. त्या दुर्मीळ होत्या, हे तो नाकारत नाही, उलट मान्य करतो. त्यांच्याही पायांखाली जमीन होती. ते लिहायला त्यांच्या कवींना सुचले नाही. बारा ओळी जी कविता एका स्त्रीविषयी आहे असे वाटत होते, ती चौदाव्या ओळीत सगळ्या स्तुतिग्रस्त स्त्रियांची बाजू घेते. मला या सुनीताचे मोठेपण येथे दिसते.

४

जमिनीवरून चालणाऱ्या प्रियेची ओळ वाचताना युरोपीय वाचकाला व्हर्जिल आठवतो. ‘ईनिड’च्या पहिल्या सर्गात शिकारी मुलीच्या वेशात आलेली व्हीनस पाठ फिरवून जाऊ लागते, आणि तिच्या चालीवरून ती देवता असल्याचे ईनिअसला कळते. शेक्सपिअरने हा संकेत उलटा केला. आपल्याला मात्र येथे दमयंती आठवायला हवी. ‘महाभारता’च्या वनपर्वातली ही कथा रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे.

स्वयंवरात दमयंतीपुढे पाच नल उभे राहतात. त्यांतले चार देव आहेत. रूपात तिळमात्र फरक नाही. तिने प्रार्थना केल्यावर देव आपापली चिन्हे प्रकट करतात : त्यांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, पाय भुईला लागत नाहीत. नलाची सावली पडते, माळ कोमेजलेली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, पापण्या लवतात आणि पाय जमिनीवर आहेत. दमयंती त्याच्या गळ्यात माळ घालते.

त्या क्षणी घाम आणि धूळ हे नलाचे दोष होते का? नव्हते. ती त्याची ओळख होती. देवांच्या घोळक्यात माणूस हुडकायचा तर उणेपणाच्याच खुणा उपयोगी पडतात. १३०व्या सुनीतातली यादी मी अशी वाचतो. मातकट रंग, काळे केस, अत्तर नसलेला श्वास, जमिनीवरचे पाऊल ही तिच्या उणिवांची जंत्री नाही. सारख्याच दिसणाऱ्या शेकडो काव्यदेवतांमधून त्याने तिला ज्या खुणांनी ओळखले, त्या या खुणा आहेत. ‘मी देवता चालताना कधी पाहिली नाही, हे कबूल’ असे तो म्हणतो, त्यात खवचटपणा आहेच. पण एक प्रमाणशास्त्रीय सचोटीही आहे. जे प्रत्यक्ष पाहिले नाही त्याचा दाखला मी देणार नाही, असा त्याचा बाणा आहे.

५

या वाचनावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. ही कविता वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, त्याने तिला ही वाचून दाखवली असती, तर तिला आवडली असती का?” वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कवी खोटी मापे टाकून देतो हे खरे, पण टाकून देण्यापूर्वी ती एकेक करून तिच्या अंगाला लावून पाहतो. अवयवांची यादी त्यालाही सुटलेली नाही. आणि जी बोलते असे तो सांगतो, तिचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही.

याचे अर्धे उत्तर कवितेच्या व्याकरणात आहे. सबंध सुनीतात ती तृतीयपुरुषी आहे. तिला उद्देशून एकही शब्द नाही. बोलणे चालले आहे ते दुसऱ्या कवींशी आणि त्यांच्या वाचकांशी. लगेच पुढच्या, १३१व्या सुनीतात तो तिच्याकडे वळतो आणि तिला ‘तू’ म्हणतो. तेव्हा १३०वे सुनीत हे प्रेमपत्र नसून साक्ष आहे, आणि साक्ष आरोपीच्या नव्हे, न्यायासनाच्या दिशेने तोंड करून द्यायची असते.

उरलेले अर्धे उत्तर तितके सुखाचे नाही. १६०९ साली टॉमस थॉर्पने प्रसिद्ध केलेल्या १५४ सुनीतांपैकी १२७ ते १५२ ही या सावळ्या स्त्रीभोवती फिरतात. गोरेपणा आणि सौंदर्य यांना इंग्रजीत तेव्हा एकच शब्द होता, आणि १२७वे सुनीत त्या समीकरणालाच हात घालते. स्थळांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द वाचत वाढलेल्या आपल्या समाजाला ते समीकरण समजावून सांगायची गरज नाही. पण हाच कवी १३१व्या सुनीतात तिचे काळेपण रूपावरून करणीवर नेतो; १३८व्यात दोघेही एकमेकांशी खोटे बोलून सुखाने राहतात; आणि १४७व्यात तो तिला नरकासारखी काळी म्हणतो. खोट्या तुलनेविरुद्ध साक्ष देणारा स्वतःच पुढे तुलनेचे शस्त्र उगारतो. म्हणून १३०वे सुनीत या मालेतले अंतिम सत्य नाही. ते एक सावरलेला क्षण आहे. त्या क्षणी त्याने तिला पाहिले, आणि जे पाहिले तेवढेच लिहिले. पुढे तो क्षण टिकला नाही, म्हणून त्या क्षणाची साक्ष खोटी ठरत नाही.

६

मराठीत हा काव्यप्रकार केशवसुतांनी आणला. त्यांचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे १८९२चे सुनीत मराठीतले पहिले मानले जाते. या प्रकाराला त्यांनी ‘चतुर्दशक’ म्हटले. ‘सुनीत’ हे नाव पुढे रूढ झाले. मराठी सुनीताने बहुधा शार्दूलविक्रीडिताचा आश्रय घेतला. एकोणीस अक्षरांचे, बाराव्या अक्षरावर यती असलेले हे वृत्त विचाराला मोठा पल्ला देते. पण ते आपल्याबरोबर संस्कृत समासांचे लटांबरही घेऊन येते. त्या चालीत ‘चंद्रमुखी’, ‘गजगामिनी’ आपोआप बसतात. ‘ती जमिनीवरून चालते’ हे साधे वाक्य बसवायला कष्ट पडतात. १३०व्या सुनीताचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यापुढे खरी अडचण यमकांची नाही, ही आहे. ज्या पेटीविरुद्ध कविता बोलते, ती पेटी आपल्या वृत्तातच ठेवलेली आहे. अनुवादकाने ओवीचा सैलपणा घ्यावा किंवा मुक्तछंद पत्करावा. पण ‘पोवळे’, ‘मातकट’, ‘पाऊल’ हे घरातले शब्द सोडू नयेत, असे मला वाटते.

अलंकार म्हणजे शोभा वाढवणारी गोष्ट, अशी व्याख्या आपण पाठ केलेली असते. या सुनीतात अलंकाराला वेगळे काम दिले आहे. येथे उपमा तपासणी करते : कोणती तुलना माणसाला अधिक स्पष्ट दाखवते आणि कोणती त्याला झाकून टाकते. सात झाकणारी उपमाने दूर केल्यावर एक दाखवणारे उपमान हाती लागते, आणि ते दुसरे तिसरे काही नसून दुसरी एक स्त्री असते, पायांखाली जमीन असलेली. प्रेमकवितेत खोटे सर्वांत अधिक उपमेत बोलले जाते, हे खरेच. पण खरे बोलायची वेळ आली, तेव्हा शेक्सपिअरलाही उपमेकडेच यावे लागले.